मापाचा पेला

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला एक वही टांगलेली असायची. शंभर पानी, शाळेची, कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली थोरलीच्या गोल अक्षरात पाण्याच्या नोंदी, मिलिलिटरमध्ये : चहा ८०. गोळ्या ५०. आमटी १००. गोळ्या ५०. दुपारी पाणी १५०. रात्री बर्फाचे दोन खडे, ३०. शेवटी बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा. जुलै २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात अशा सहा वह्या भरल्या. एक दिवस चुकला नाही. पहिली वही घातली तेव्हा ती सातवीत होती, बारा वर्षांची.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती वही काढून दाखवायचे. "बघा, पप्पांचं पाणी हीच सांभाळते." आता ते आठवलं की पोटात कालवतं.

आम्ही तासगावचे. ह्यांचं खते-औषधांचं दुकान, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात सासूबाई आणि दोन मुलं. धाकटा तेव्हा नुकताच पहिलीत गेला होता. ह्यांचं दोन-तीन महिने डोकं दुखत होतं, पायावर सूज यायची, अन्नावरची वासना उडाली होती. उधारी वसुलीची दगदग चाललीय, म्हणून होत असेल, असं म्हणत आम्ही पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढले. शेवटी मिरजेला दाखवलं तेव्हा ब्लड प्रेशर २१०, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी निकामी होईल तसा वाढणारा रक्तातला आकडा, ११.४ आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार, आम्ही कधी मोजलाच नव्हता. त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. हे ३९ वर्षांचे होते.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं वेळापत्रक सांगायला नको. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिली शिफ्ट, म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, मिरज गाठायचं, चार तास मशीनवर, आणि दुपारी घरी आल्यावर गळून पडायचं. लघवी जवळजवळ थांबली होती. प्यालेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहायचं, म्हणून दिवसाला पाऊण लिटरची मर्यादा, त्यातच चहा आणि आमटी. पोटॅशियम वाढू नये म्हणून भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. केळं नाही, संत्रं नाही, शहाळं नाही. बेदाणे नाहीत. तासगाव म्हणजे बेदाण्याची पेठ; इथल्या घरात बेदाणे चालत नाहीत म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. पैशांचं कसं जमवलं तो विषय वेगळा, तो इथं नको.

मुलांना आम्ही काय सांगितलं? "पप्पांना थोडं बरं नाही. त्यांना त्रास देऊ नका." बस्स. मानेला बांधलेली नळी रुमालाखाली झाकली आणि सांगितलं, मान लचकलीय. मुलांच्या डोक्याला ताप नको, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. भेटायला येणारे आणखी भर घालायचे. धाकट्याला, "दंगा केलास तर पप्पांना जास्त होईल हं." थोरलीला, "आता तूच घरातला कर्ता मुलगा." मला आज कुणी विचारलं तर मी सांगेन, आजारी माणसाच्या मुलांना ही दोन वाक्यं कुणी म्हणू नका. पण तेव्हा त्यातलं पहिलं वाक्य मी स्वतःही म्हणत होते, दिवसातून चारदा.

त्या वर्षी आमच्या गावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला, म्हणजे १ सप्टेंबरला होता आणि वार नेमका गुरुवार. दरवर्षी धाकटा ह्यांच्या खांद्यावर बसून रथ बघायचा. या वेळी हे दुपारी मिरजेहून येऊन पडून राहिले. मानेतली नळी अजून काढली नव्हती, गर्दीत जाणं शक्यच नव्हतं. मामाबरोबर पाठवलं त्याला. संध्याकाळी मामा त्याला हाताला धरून घेऊन आला. चुलतभाऊ आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसलेला, तर यानं खालून त्याच्या पिंढरीला चावा घेतला होता. रक्त आलं होतं. मी त्याला धपाटा घातला आणि म्हणाले, "पप्पांना कळलं तर काय वाटेल?" तो रडला नाही. गुलालानं माखलेलं तोंड घेऊन दाराआड उभा राहिला.

खरं बिघडलं ते जानेवारीत. शनिवारचं डायलिसिस झालं की पुढचं मंगळवारी, हा मधला दोन दिवसांचा खंड सगळ्यात अवघड. रविवारी एका लग्नात हे बटाटेवडे आणि रस्सा खाऊन आले. सोमवारी रात्री पायातली ताकदच गेली, उठवेना, छातीत धडधड. पोटॅशियम ७.२. रात्री एक वाजता शेजाऱ्यांच्या गाडीतून मिरजेला नेलं आणि तातडीनं मशीनवर घेतलं. मुलं झोपली आहेत असं समजून आम्ही निघालो. धाकटा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर तो अंथरुणात शू करायला लागला. तीन वर्षांपूर्वी सुटलेली सवय. शाळेतून रोज तक्रार, याला ढकललं, त्याची पट्टी मोडली. पोटात दुखतं म्हणून अर्ध्या शाळेतून परत. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. आणि ह्यांच्या जवळ जाणं त्यानं बंदच केलं. हे हाक मारायचे, "ये की रे इकडं", तर हा भिंतीच्या कडेकडेनं दुसऱ्या खोलीत. ह्यांना ते फार लागायचं. "मला घाबरतोय तो," म्हणायचे.

वर्गात असं मूल दिसलं असतं तर मी लगेच त्याच्या आईला बोलावलं असतं. घरात मात्र मला वाटलं, लाडावलाय, लक्ष वेधून घेतोय.

एका रात्री चादर धुताना मला रडू फुटलं, ते थांबेचना. शाळेच्या गटावर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आलेला होता, १४४१६. सरकारी, फुकट. मागीलदारी बसून फोन लावला. मराठीत बोलायची सोय होती. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या रात्री काय झालं, ते त्याला कुणी सांगितलंय का?" नव्हतं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला 'असं का वागतोस' विचारू नका. त्या रात्री काय झालं ते तुम्हीच साध्या शब्दांत सांगा, आणि मग गप्प बसा."

माझं धाडस झालं नाही. पंधरा दिवस गेले. मग शेजारी सत्यनारायण होता, प्रसादाचा शिरा आला. धाकटा द्रोण घेऊन मोरीत बसला होता. शिऱ्यातला एकेक बेदाणा वेचून मोरीच्या भोकात टाकत होता, आणि टाकला की साबणानं हात धूत होता. पुन्हा एक बेदाणा, पुन्हा साबण. बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी शेजारी बसले आणि ते वाक्य बोलून टाकलं, "त्या रात्री पप्पांना दवाखान्यात नेलं, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढलं होतं." आणि गप्प बसले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी दिले."

"काय दिलंस?"

"बेदाणे. रोज. शाळेतून आल्यावर."

सासूबाई कुणालातरी सांगत होत्या, रक्त कमी झालंय, सात वर आलंय. आणि बेदाण्यानं रक्त वाढतं, हे तर आमच्याकडं पोराटोरांना माहीत. म्हणून हा डब्यातले आठ-दहा बेदाणे मुठीत धरून ह्यांना भरवायचा. हे खायचे. नंतर ह्यांनी मला सांगितलं, "त्याचा हात पुढं आला की नको म्हणवायचं नाही गं." आणि त्या पहाटे मी फोनवर नणंदेला म्हणत होते, "खाण्यातनंच काहीतरी गेलंय." ते त्यानं ऐकलं होतं. अडीच महिने सहा वर्षांचं पोर मनाशी धरून बसलं होतं की पप्पांना आपण मारत होतो.

हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते उठून बसले. धाकट्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "बेदाणे खायचे नाहीत हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. आणि लग्नात मी वडे खाल्ले ते तर तू दिलेच नव्हतेस. काय खायचं ते बघायचं काम माझं आहे. चुकलो मी." मग त्याला सगळं सांगितलं, किडनी म्हणजे काय, ती का बंद पडली, हे कुणामुळं झालेलं नाही, तुला जवळ बसून होणार नाही. डाव्या मनगटावर फिस्टुला केला होता. शीर आणि धमनी जोडलेली असते, तिथं हात ठेवला की आतून थरथर लागते. ह्यांनी मनगट त्याच्या कानाला लावलं. तो डोळे मोठे करून ऐकत राहिला.

"आत मांजर आहे!"

तेव्हापासून ते पप्पांचं मांजर. झोपण्याआधी रोज कान लावून ऐकायचा. डायलिसिसच्या सिस्टरना विचारून एकदा त्याला दारातून मशीन दाखवलं. त्यानं विचारलं, "काढलेलं सगळं रक्त परत घालतात का?" सिस्टर म्हणाल्या, "सगळं." एवढंच त्याला हवं होतं बहुतेक. त्याच्या वर्गशिक्षिकेला मी सगळी हकीगत सांगितली. सांगलीच्या एका समुपदेशक मॅडमकडे आठ वेळा नेलं. जूनपर्यंत चादर कोरडी राहायला लागली. दंगा करतच होता, पण तो दंगा वेगळा होता.

आणि थोरली? थोरलीचं काहीच करावं लागत नव्हतं. गोळ्यांचा डबा तीच भरायची. सकाळी ह्यांचं वजन करून कॅलेंडरवर तीच लिहायची. डाव्या हाताला कुणी बीपीचा पट्टा बांधायला गेलं तर धावून जायची, "तो हात नाही!" खो-खोचा सराव सकाळी असायचा, तो तिनं आपणहून सोडला. पहिल्या पाचातला नंबर सुटला नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी लई गुणाची." मी म्हणायचे, "फार समजूतदार आहे." मॅडमनी एकदा विचारलंही, मोठी कशी आहे? मी अभिमानानं म्हणाले, "तिची काही काळजी नाही."

रात्री पाणी प्यायला उठले की कधी कधी ती आमच्या खोलीच्या दारात उभी दिसायची. "काय गं?" "काही नाही, पंखा बघायला आले." पुढं वर्षभरानं तिनं सांगितलं, ती पप्पांच्या छातीची हालचाल मोजायची. वीस मोजून झाले की जाऊन झोपायची. दोनला, आणि पुन्हा चारला.

नोव्हेंबर २०२३. सासूबाई किडनी द्यायला तयार झाल्या, त्या ६१ वर्षांच्या, रक्तगट जुळला, पुण्याला तपासण्या सुरू झाल्या. त्यासाठी बॅगा भरताना थोरलीच्या कपाटात, स्वेटरच्या घडीत, कागदात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅडचं पाकीट सापडलं. निम्मं संपलेलं.

"कधीपासून?"

"जुलैपासून."

पाच महिने. पहिल्यांदा शाळेत झालं, तिनं दप्तर पाठीमागं धरून घर गाठलं. खाऊच्या पैशांतून पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलमधून पाकीट आणलं, "मम्मीला पाहिजे" म्हणून. पोटात दुखायचं तेव्हा गरम पाण्याची पिशवी घेतली नाही, कारण ती ह्यांच्या पायात गोळे आले की लागायची. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती बॅगेत टॉवेल रचत म्हणाली, "त्या दिवशी शनिवार होता. तू दमली होतीस."

मी तिला जवळ ओढलं. ती उभीच राहिली, लाकडासारखी.

जेवताना एकदा तिनं विचारलं, आजीची कशाला, माझी किडनी चालणार नाही का? हे हसले. मी शिक्षिकेच्या थाटात समजावलं की अवयवदानाचा १९९४ चा कायदा आहे, जिवंतपणी द्यायची तर अठरा पूर्ण लागतात. तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे अजून सव्वाचार वर्षं." धाकटा म्हणाला, "आजीची बसवली की पप्पांना पण कारलं आवडणार का?" सगळे हसलो. ती हसली नाही, हे मला आता आठवतं.

प्रत्यारोपण फेब्रुवारीत पुण्याला झालं. मुलं माझ्या आईकडे विट्याला. सासूबाई आठवड्यात हिंडू-फिरू लागल्या. ह्यांच्या जुन्या किडन्या तशाच ठेवून नवी खाली ओटीपोटात बसवली होती आणि ती टेबलावरच काम करायला लागली. क्रिएटिनिन उतरत उतरत १.३ वर आलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही, तोंडाला मास्क, सर्दी झालेल्या माणसानं जवळ यायचं नाही. एप्रिलमध्ये तासगावला आलो. अंगणात रांगोळी, पेढे. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टरांनी आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी माठातून तांब्याभर पाणी घेतलं, एक पेला प्यायले, दुसरा भरला. थोरली दारातून बघत होती. तिसरा भरला तशी ती धावत आली आणि हातातला काचेचा पेला हिसकावून फरशीवर आपटला. "किती पिताय! किती पिताय तुम्ही!" असं किंचाळणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आम्ही सांगत होतो, अगं आता चालतं, डॉक्टरांनीच सांगितलंय. तिला सगळं ठाऊक होतं. फोनवर मीच सांगितलं होतं. तरी तिचे हात थांबत नव्हते, काचांतच बसून ती पाणी पुसायला लागली, ओढणीनं.

तिथून चार-पाच महिने फार वाईट गेले. ह्यांच्याशी बोलायची नाही. जेवण अर्धवट. डोकं दुखतं म्हणून अंधारात पडून राहायची. धाकट्याला एकदा शिंक आली तर त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. सहामाहीत गणितात नापास झाली. नातेवाईक म्हणाले, "आता कुठं सगळं सुरळीत झालं, आणि हिला काय झालं? वयच तसलं." मीही एकदा बोलून गेले, "एवढी समजूतदार होतीस, आता काय झालं तुला?" तिनं माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

त्याच मॅडमकडे नेलं. पहिल्या तीन वेळा ती काही बोललीच नाही. चौथ्या वेळी मॅडमनी तिच्या परवानगीनं आम्हा दोघांना आत बोलावलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "पप्पा आजारी होते तेव्हा मला सगळं माहीत असायचं. वजन किती, पाणी किती, कधी काय होणार. आता मला काहीच माहीत नसतं. आणि सगळे म्हणतात, आनंदी राहा."

हे रडले. तिच्यासमोर पहिल्यांदाच.

मॅडमनी तिची कामं एकदम बंद करू दिली नाहीत. रात्री नऊच्या गोळीची आठवण एवढं एकच काम महिनाभर तिच्याकडे ठेवलं, ते कधी संपणार ती तारीख तिच्यासमोर ठरवली, आणि त्या दिवशी ह्यांनी स्वतः तिच्याकडून डबा मागून घेतला. मला सांगितलं, "समजूतदार" हा शब्द घरात वापरू नका, आणि तिनं आदळआपट केली तर ती करू द्या. रात्री ती दारात आली तर परत पाठवू नका, आत बोलवा. ती यायची, माझ्या आणि भिंतीच्या मध्ये झोपायची, चौदा वर्षांची, पाय पोटाशी घेऊन. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून एकदा. दर महिन्याच्या रिपोर्टचा आकडा ती विचारील तेव्हा खरा सांगायचा, न विचारता सांगायचा नाही. हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं.

वह्या बांधून माळ्यावर टाकताना चौथ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत मला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : मार्च २०२८. शेजारी १८, गोल केलेला. मी तो पुठ्ठा ह्यांना दाखवला. तिला दाखवला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं पुन्हा खो-खो सुरू केला. चार दिवसांच्या शिबिराला गेली, घरापासून एकटी राहण्याची पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दहादा फोन हातात घेतला आणि हे म्हणाले, "नको." नेमका त्याच दिवशी रिपोर्ट आला होता, क्रिएटिनिन १.२, सगळं छान. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सरांच्या नंबरवरून फोन वाजला. मागं शिट्ट्या आणि पोरींचा गलका.

"मम्मी, माझा गुडघ्याचा पट्टा राहिलाय. कपाटात खालच्या कप्प्यात. मामाला आजच पाठव, उद्या सामना आहे."

"बरं," मी म्हणाले. आकडा माझ्या ओठांवर होता. तिनं विचारलं नाही.

"आणि ऐक, निळा नको, काळा. ठेवू?"

तिनं ठेवलासुद्धा.